सैनिकसेवा आणि शालेय समकक्षता : अमेरिकेतील जी.ई.डी. परीक्षेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली, त्याच सुमारास दहावी उत्तीर्ण अग्निवीरांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावीचे प्रमाणपत्र मिळविण्याची सोय करण्यात येईल, असे केंद्र शासनाने घोषित केले. सैन्यसेवा आणि शालेय प्रमाणपत्र यांची अशी सांगड घालण्याचा एक प्रदीर्घ प्रयोग अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झाला होता. सैनिकांसाठीच निर्माण झालेले ते प्रमाणपत्र पुढे सैन्यालाच अपुरे का वाटू लागले, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात त्या प्रयोगाचा मागोवा घेतला आहे.

परीक्षेचा उगम :

पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांना अनेक अमेरिकन शाळा-महाविद्यालयांनी केवळ सेवेबद्दल सरसकट श्रेयांक बहाल केले होते. त्यामागील कृतज्ञता समजण्याजोगी होती. परंतु सैनिकाला प्रत्यक्षात काय येते, याची विचारणा त्यात नव्हती. दुसऱ्या महायुद्धात ही चूक टाळण्याचा निर्धार शिक्षणतज्ज्ञांनी केला. नोव्हेंबर १९४२ मध्ये सक्तीच्या भरतीचे वय १८ वर आणले गेल्यामुळे हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला, कारण शाळा अर्धवट सोडून गणवेश चढविणाऱ्या मुलांची संख्या आता वाढणार होती.

विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे १९४२ मध्ये स्थापन झालेली लष्करी शिक्षणसंस्था सैनिकांसाठी पत्राद्वारे अभ्यासक्रम चालवीत असे. तिच्यासाठी अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनच्या सहकार्याने आयोवा विद्यापीठातील एव्हरेट लिंडक्विस्ट यांच्या नेतृत्वाखाली 'जनरल एज्युकेशनल डेव्हलपमेंट', म्हणजेच जी.ई.डी., ही चाचणीमाला तयार झाली. लेखन, गणित तसेच सामाजिक शास्त्रे, निसर्गविज्ञान व साहित्य या विषयांतील उताऱ्यांचे आकलन असे तिचे पाच भाग होते. पाठांतराला तीत फारसे स्थान नव्हते. वाचलेले समजते का आणि त्यावरून अनुमान काढता येते का, हेच पाहिले जाई. वर्गात न बसताही माणूस शिकतो, हे गृहीतक तिच्या मुळाशी होते व त्या काळाच्या मानाने ते धाडसीच म्हणावे लागेल. १९४४ च्या जी.आय. कायद्याने माजी सैनिकांच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च शासनाने उचलला, तेव्हा शाळा अपुरी राहिलेल्यांसाठी या प्रमाणपत्राचे मोल अर्थातच वाढले.

छावणीबाहेरचा प्रवास :

न्यूयॉर्क राज्याने १९४७ मध्ये ही परीक्षा नागरिकांना खुली केली. हळूहळू इतर राज्यांनीही तिचे अनुकरण केले आणि १९५९ पर्यंत नागरी परीक्षार्थींची संख्या सैनिकांपेक्षा अधिक झाली. या विस्ताराकडे सामान्यतः शिक्षणाच्या लोकशाहीकरणाचा टप्पा म्हणून पाहिले जाते. ते खरेच आहे. मात्र त्यात एक गोष्ट दुर्लक्षित राहते. १९४० च्या दशकातील परीक्षार्थी चाचणीला बसे, तेव्हा शिस्त, चिकाटी व अंगावर घेतलेले काम तडीस नेण्याची सवय यांची कसोटी त्याने सेवेतच दिलेली असे. प्रश्नपत्रिका केवळ ज्ञान मोजी. उरलेल्या निम्म्या गुणांची हमी गणवेश देई. परीक्षा छावणीबाहेर पडली आणि ही दुसरी हमी मागेच राहिली.

याची जाणीव प्रथम सैन्यालाच व्हावी, हा इतिहासातील एक विरोधाभासच होय. शाळा पूर्ण केलेल्यांच्या तुलनेत जी.ई.डी.धारक भरतीनंतर मुदतीपूर्वीच सेवा सोडून जातात, असे संरक्षण विभागाच्या नोंदींवरून दिसून आले. १९८७ पासून उमेदवारांची तीन श्रेणींत विभागणी होऊ लागली व जी.ई.डी.ला दुसरी श्रेणी मिळाली. पुढे नव्वद टक्के उमेदवार शाळेची पदविका असलेलेच असावेत, असा दंडक ठरला. १९९३ मध्ये स्टीफन कॅमेरॉन व जेम्स हेकमन या अर्थशास्त्रज्ञांनी नागरी नोकऱ्यांबाबत असेच दाखवून दिले : वेतनाच्या दृष्टीने हे प्रमाणपत्रधारक शाळा सोडलेल्यांच्याच अधिक जवळ होते. दोष चाचणीचा नव्हता. जे मोजण्यासाठी ती घडविली होती, ते ती मोजतच होती.

जून २०२२ मध्येच, भरतीच्या तीव्र टंचाईमुळे, अमेरिकन भूदलाने पदविका वा जी.ई.डी. यांपैकी काहीही नसलेल्या उमेदवारांनाही प्रवेश परीक्षेतील गुणांच्या अटीवर घेण्याचे ठरविले आणि काही दिवसांतच तो निर्णय स्थगित केला. आपल्याकडे त्याच महिन्यात, बारावीच्या प्रमाणपत्राखेरीज, अग्निवीरांच्या सेवाकालीन कौशल्य प्रशिक्षणाला पदवी अभ्यासक्रमात निम्मे श्रेयांक देण्याची घोषणा झाली.