कलम 47 मधले गाळलेले शब्द

24 नोव्हेंबर 1948. आज जे कलम 47 आहे, त्यावर संविधान सभेत चर्चा चालू होती. मादक पेये आणि घातक अंमली द्रव्ये यांच्या बंदीबाबतची महावीर त्यागींची दुरुस्ती बाबासाहेबांनी स्वीकारली, पण 'औषधी प्रयोजनाखेरीज' हा अपवाद जोडून. व्यसनमुक्तीच्या भाषणांत कलम 47 हमखास येतं, हा अपवाद मात्र कुणी उच्चारत नाही. ब्राऊन शुगरच्या व्यसनावरचा उपचार नेमका याच अपवादावर उभा आहे. कारण त्याचं औषध, जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी, स्वतःच अफूच्या जातकुळीचं आहे.

1985 साली एनडीपीएस कायदा आला. कलम 27 ने नशा करणाऱ्यालाही शिक्षा ठेवली, पण कलम 39 ने त्याला शिक्षेऐवजी उपचाराला पाठवण्याचा अधिकार कोर्टाला दिला. 1989 मध्ये कलम 64अ आलं: थोड्या मालासह पकडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालणार नाही. हे कोर्टात मांडायला वकील लागतो. देशातल्या तुरुंगांत चारपैकी तीन कैदी कच्चे आहेत, पाचांतला एक अनुसूचित जातीचा. त्यांच्यापर्यंत कायद्याचा शिक्षेचा भाग पोहोचला, उपचाराचा वाटेतच राहिला.

नाशिकमध्ये ऑक्टोबर 2023 पासून ड्रग्ज म्हणजे एमडी, एवढंच समीकरण झालंय. शिंदे गावातल्या कारखान्यावर मुंबई पोलिसांचा छापा पडला. त्या प्रकरणातला मुख्य आरोपी येरवड्याचा कैदी असताना महिनोन्महिने ससून रुग्णालयात होता आणि तिथूनच पळाला. म्हणजे कैद्याला रुग्णालयाचं दार उघडत नाही असं नाही. कोणत्या कैद्याला उघडतं, हा प्रश्न आहे.

'आत राहिला, आपोआप सुटलं,' असं घरचे म्हणतात. इथेच घात होतो. महिनोन्महिने नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते, तलफ मात्र तशीच राहते. बाहेर येऊन जुन्याच मापाने घेतलं की श्वास बंद पडतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचा 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर लोकांच्या तुलनेत 12.7 पट होता, आणि अतिमात्रेने मरण्याचा 129 पट.

यावरचा उपाय आपल्याच देशात झालाय. तिहार तुरुंगात 2008 मध्ये ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार सुरू झाला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना आजाराच्या व्याख्येत घेतलं. मग उपचार तुरुंगाच्या फाटकाशी तुटायचं कारण काय?

नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातून सुटलेला माणूस शेअर रिक्षाने द्वारकेला उतरतो. वाटेत नासर्डी पुलाजवळ सामाजिक न्याय भवन लागतं. केंद्रात व्यसनमुक्तीचा विषय सामाजिक न्याय मंत्रालयाकडेच आहे. शिष्यवृत्तीसाठी आपण या भवनाच्या पायऱ्या झिजवल्या. तुरुंगातून आलेल्या पोरासाठी कितीदा चढलो? वस्तीत तर आपलेच लोक म्हणतात, 'पाचवं शील मोडलं, भोगू दे.' शील माणूस स्वतःसाठी घेतो. दुसऱ्याला सुनवायची ती शिक्षा नव्हे.

मागणी साधी आहे: औषध आत असतानाच सुरू व्हावं आणि सुटकेच्या कागदासोबत पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी आणि काही दिवसांचा डोस मिळावा. वकिली करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत कलम 39 आणि 64अ चे अर्ज आजपासूनच टाकायला हरकत नाही. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.