कटिशूल, स्नायू आणि खानदेशातील श्रम

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदी कापसाची निकड भासू लागली आणि खानदेशच्या काळ्या जमिनीला नवे मोल आले. पुढे लोहमार्गामुळे जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली. १८८० च्या खानदेश गॅझेटियरात येथील शेती व व्यापार यांचे सविस्तर वर्णन आहे. १९०६ मध्ये या प्रांताचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जळगाव आणि धुळे ही त्यांचीच पुढील रूपे होत. कापसाचे वजन व भाव यांचा हिशेब पेठेने चोख ठेवला. निंदणीला दिवसभर वाकणाऱ्या आणि वेचलेल्या कापसाची ओटी कंबरेला वागविणाऱ्या बाईच्या दुखण्याचा हिशेब ठेवणे हे पेठेचे काम नव्हते.

ही उणीव भाषा काही अंशी भरून काढते. ‘कंबर’ हा शब्द फारसीतून आलेला. संस्कृत ‘कटि’चा अवशेष ‘मूल कडेवर घेणे’ या प्रयोगात उरला आहे. उसण भरते ती अकस्मात, कंबर आखडते ती हळूहळू, आणि कंबर खचते तेव्हा माणसाचा धीरच सुटतो. दुखण्याचे स्थान, त्याची गती आणि त्याचा परिणाम ही भाषा नेमकी सांगते. परंतु दुखतो तो अवयव कोणता, हे ती सांगत नाही.

शास्त्रालाही हा अवयव उशिराच सापडला. चरकाने त्रिकग्रह, पृष्ठग्रह व गृध्रसी यांची गणना ८० वातविकारांत केली. सुश्रुताने ९०० स्नायू आणि ५०० पेशी निरनिराळ्या सांगितल्या. आज मराठीत ज्याला ‘स्नायू’ म्हणतात ती त्याची ‘पेशी’ होय, हा भेद जुने ग्रंथ वाचताना विसरता कामा नये. १९३४ मध्ये मिक्स्टर व बार यांनी मणक्यांमधील चकती सरकल्याने होणाऱ्या वेदनेचे विवेचन केले आणि पुढील काही दशके वैद्यकाचे लक्ष मुख्यतः चकतीवरच खिळले.

कण्यालगतच्या मल्टिफिडस या खोल स्नायूकडे लक्ष वळले ते त्यानंतर. १९९४ मध्ये ज्युली हाइड्स व सहकाऱ्यांना हा स्नायू दुखऱ्या बाजूस क्षीण झालेला आढळला. १९९६ मध्ये ३९ रुग्णांच्या अभ्यासात त्यांनी दाखविले की, वेदना शमली तरी विशिष्ट व्यायामावाचून स्नायू पूर्ववत होत नाही. २००७ मधील एका डॅनिश पाहणीत या स्नायूतील मेदसंचय व कंबरदुखी यांचा दृढ संबंध प्रौढांत दिसला, कुमारवयीनांत दिसला नाही. यावरून क्षय हेच वेदनेचे कारण असे ठरत नाही. वेदनेमुळे हालचाल घटते, त्यामुळे स्नायू खंगतो आणि दुबळा कणा पुन्हा दुखतो, असे चक्रही संभवते.

आजच्या निदानाचे आरोपण गतकाळातील देहांवर करणे अर्थातच अनैतिहासिक ठरेल. तथापि, ‘कामाला लागली म्हणजे बरी झाली’ ही मोजणी अपुरी आहे, एवढे यातून निश्चित होते. शेतात परतलेली बाई हजेरीपटात निरोगी ठरते. तिचा स्नायू तसा ठरेलच असे नाही. खानदेशच्या श्रमेतिहासाने हजेरीबरोबर ‘उसण’ आणि ‘कंबर खचणे’ हे शब्दही साधन म्हणून तपासले पाहिजेत, ते याचसाठी.