झहीर खानची कारकीर्द : वेगवान गोलंदाजाचा जमाखर्च

क्रिकेटचा इतिहास बहुधा धांवांच्या आणि बळींच्या आंकड्यांनीं लिहिला जातो. अमक्यानें किती शतकें केलीं, तमक्यानें किती गडी बाद केले, एवढें सांगितलें कीं त्या खेळाडूची हकीकत संपली, असें मानण्याची वहिवाट आहे. वेगवान गोलंदाजाची हकीकत मात्र एवढ्यानें पुरी होत नाहीं. त्याच्या खात्यावर जमेची बाजू असते तशी खर्चाचीही असते. आणि हा खर्च मांड्या, घोटे, टांचा आणि खांदे यांचा असतो. तेव्हांच्या अहमदनगर व आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील श्रीरामपूर येथें ७ ऑक्टोबर १९७८ रोजीं जन्मलेला झहीर खान हा या जमाखर्चाचा बोलका दाखला आहे.

आरंभीं या धंद्याचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. वेगवान गोलंदाज धांवत येतो, उडी घेतो आणि पुढचा पाय ताठ रोवून त्यावरून सारें शरीर फेंकतो. त्या क्षणीं त्या एका पावलावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पडतो. दिवसाकाठीं वीस षटकें टाकणाऱ्यास हा आघात १२० वेळां सोसावा लागतो. सावर्डें-चिपळूणकडील जांभ्याच्या माळावर जो धांवला आहे, त्याला कठीण जमिनीवर पडलेलें पाऊल गुडघ्यापर्यंत कसें झणझणतें हें सांगावयास नको. झहीर डावखुरा असल्यामुळें त्याच्या बाबतींत हा भार उजव्या पायावर येई, आणि चेंडूला वेग देण्याचें काम डाव्या खांद्याला करावें लागे.

अमेरिकेंतील फुटबॉलमध्यें चेंडू फेंकणाऱ्या गड्याच्या रक्षणासाठीं पांच धिप्पाड गडी ओळीनें उभे असतात. प्रत्येक चालीला त्यांना प्रतिपक्षाशीं टक्कर घ्यावी लागते. तरी गुण मांडले जातात तेव्हां त्यांचीं नांवें क्वचितच उच्चारलीं जातात. त्यांपैकीं एखादा जायबंदी झाला आणि ओळ फुटली, म्हणजे मग त्याची किंमत कळते. भारतीय संघांत वेगवान गोलंदाजाचें स्थान पुष्कळसें असेंच होतें. येथील मंद खेळपट्ट्यांवर बळी घ्यावे ते फिरकी गोलंदाजांनीं आणि घाम गाळावा तो वेगवान गोलंदाजानें, ही जुनी विभागणी होती. मुंबईचा लहानखुरा रमाकांत देसाई १९५९ सालीं दिल्लीस वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हां त्याचें वय अवघें १९ होतें. त्या एका डावांत त्याला ४९ षटकें टाकावीं लागलीं. १६९ धांवांत त्यानें ४ बळी घेतले. पुढें १९६८ सालीं न्यूझीलंडमध्यें डुनेडिन येथें फलंदाजी करतांना चेंडू लागून त्याचा जबडा मोडला, तरी तो शेवटच्या जोडीस खेळत राहिला. २८ कसोट्यांत ७४ बळी घेऊन त्याची कारकीर्द संपली. त्याच्या मागून आलेल्या कपिल देवनें १३१ कसोट्या खेळून ४३४ बळी घेतले, आणि दुखापतीमुळें त्याचा एकही कसोटी सामना चुकला नाहीं. हा चमत्कार खरा; पण त्यामुळें सगळ्याच वेगवान गोलंदाजांची शरीरें अशींच असावींत, अशी लोकांची समजूत होऊन बसली. झहीरला तोललें गेलें तें याच तराजूंत.

अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सोडून झहीर श्रीरामपुराहून मुंबईस आला, आणि तेथून चेन्नईच्या एमआरएफ संस्थेंत वेगवान गोलंदाजीचें शिक्षण घेऊन प्रथम बडोद्याकडून खेळूं लागला. २००० सालच्या ऑक्टोबरांत नैरोबीस त्याचा पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना झाला, व पुढच्याच महिन्यांत ढाक्यास पहिली कसोटी झाली. लांब धांव, मोठी उडी आणि फलंदाजाच्या पायाशीं थडकणारा चेंडू हें त्याचें तेव्हांचें भांडवल होतें. २००३ च्या विश्वचषक स्पर्धेंत त्यानें १८ बळी घेतले. परंतु अंतिम सामन्यांत ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याच्या पहिल्याच षटकांत १५ धांवा गेल्या. जोर होता, आवर नव्हता.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ब्रिस्बेन येथें त्यानें ऑस्ट्रेलियाचे ५ गडी ९५ धांवांत बाद केले, आणि लगेच मांडीच्या मागच्या स्नायूनें दगा दिला. ॲडलेडचा विजय त्याच्यावांचून झाला. २००४ सालीं पाकिस्तानच्या दौऱ्यांत मुलतानच्या कसोटीनंतर पुन्हां तीच गत झाली. तरुण गोलंदाज पुढें आले, आणि २००६ सालीं झहीर संघाबाहेर होता. जो वारंवार मोडतो त्याच्यावर भिस्त ठेवावी कशी, हा निवड करणाऱ्यांचा प्रश्न अवाजवी म्हणतां येणार नाहीं.

या प्रश्नाचें उत्तर त्यानें इंग्लंडमध्यें शोधलें. २००६ च्या उन्हाळ्यांत तो वूस्टरशायर परगण्याकडून व्यावसायिक म्हणून खेळला. परगण्यांच्या स्पर्धेंत एक सामना संपतो न संपतो तों दुसरा उभा राहतो. तेथें बाहुबळाची उधळपट्टी चालत नाहीं. झहीरनें आपली धांव आंखूड केली, आणि वेगाची हांव सोडून चेंडू दोन्ही बाजूंस वळविण्याची कला आत्मसात केली. त्या मोसमांत त्यानें परगणा स्पर्धेंत ७८ बळी मिळविले. एसेक्सविरुद्ध तर एका डावांत १३८ धांवांत ९. काटकसर ही सक्तीनें शिकावी लागली खरी, पण तिनेंच त्याला मोठा गोलंदाज केलें.

पुढच्याच वर्षीं याचें फळ दिसलें. २००७ सालीं नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिज मैदानावर त्यानें दोन डावांत मिळून ९ बळी घेतले. भारत तो सामना सात गडी राखून जिंकला, आणि मालिकाही १-० अशी जिंकली. झहीरनें आतां वेगवान गोलंदाजांचें पुढारीपण स्वीकारलें होतें. नवख्या गोलंदाजास चेंडूची चकाकी कशी राखावी, क्षेत्ररक्षण कोठें लावावें, हें तो मिड-ऑफवर उभा राहून सांगत असे.

शरीराची कुरकूर मात्र थांबली नव्हती. २००७ अखेर मेलबर्न येथें एका डावांत ४ बळी घेतल्यावर टांचेच्या दुखापतीनें त्याला परत यावें लागलें. २००९ सालीं खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. २०१० च्या जानेवारींत त्यानें मीरपूर येथें बांगलादेशाचे ७ गडी ८७ धांवांत बाद केले; ही त्याची कसोटींतील सर्वोत्तम कामगिरी होय. त्याच वर्षाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेंत त्याचें मोल स्पष्ट झालें. सेंच्युरियनच्या कसोटींत तो मांडीच्या दुखण्यानें बाहेर बसला होता. दक्षिण आफ्रिकेनें ४ बाद ६२० धांवांवर डाव सोडला व भारत एका डावानें हरला. दरबान येथें तो परतला, दोन्ही डावांत तीन-तीन बळी घेतले, आणि भारत ८७ धांवांनीं विजयी झाला. दोन सामन्यांत खेळपट्टी वेगळी होती, हवा वेगळी होती. तरीही एका माणसाच्या असण्या-नसण्यानें संघाची ओळ कशी उभी राहते वा फुटते, हें यावरून दिसतें.

२ एप्रिल २०११ रोजीं मुंबईच्या वानखेडे मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. झहीरच्या पहिल्या पांच षटकांपैकीं तीन निर्धाव होतीं. त्यांत अवघ्या ६ धांवा गेल्या व एक बळी मिळाला. आठ वर्षांपूर्वीच्या त्या १५ धांवांच्या षटकाची ही परतफेड होती. त्या स्पर्धेंत त्यानें २१ बळी घेतले व सर्वाधिक बळींचा मान शाहिद आफ्रिदीबरोबर वांटून घेतला.

या विजयानंतर एक आठवडाही लोटला नाहीं तोंच इंडियन प्रीमियर लीगचे सामने सुरू झाले. झहीर बंगलोरच्या संघाकडून खेळला. त्या संघाचा अंतिम सामना २८ मे रोजीं झाला. घोट्याच्या दुखण्यामुळें वेस्ट इंडीजचा दौरा त्यानें टाळला, आणि २१ जुलै रोजीं लॉर्ड्‌सवर तो इंग्लंडविरुद्ध उतरला. १३ षटकें व ३ चेंडू टाकून, अवघ्या १८ धांवांत २ बळी घेऊन, मांडी धरून तो मैदानाबाहेर गेला. इंग्लंडनें पुढें ४७४ धांवा केल्या. भारत ती मालिका ४-० अशी हरला, आणि कसोटींतील पहिलें स्थानही गमावून बसला. झहीरच्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली. लीगमध्यें कां खेळला, लॉर्ड्‌सवर कां उतरला, असा दोष त्याला देणें सोपें आहे. परंतु व्यावसायिक खेळाडूचा बाजारभाव थोड्या वर्षांचा असतो, हें विसरतां येत नाहीं; आणि सबंध संघाचा डोलारा एका थकलेल्या मांडीवर उभारणाऱ्या व्यवस्थेकडे या हाराकीचा मोठा वांटा जातो.

त्यानंतरही तो संपला नाहीं. २०१२ च्या डिसेंबरांत त्याला वगळण्यांत आलें. २०१३ सालीं युवराज सिंगसह तो फ्रान्समधील ब्रीव गांवीं शरीर कमावण्यासाठीं जाऊन राहिला. वयाच्या ३५ व्या वर्षीं परतून जोहान्सबर्ग येथें त्यानें जॅक कॅलिसला बाद केलें. तो त्याचा ३०० वा कसोटी बळी. २०१४ च्या फेब्रुवारींत वेलिंग्टन येथें ब्रेंडन मॅककलमनें ३०२ धांवा केल्या, त्या डावांत झहीरनें ५१ षटकें टाकून १७० धांवांत ५ बळी घेतले. देसाईच्या ४९ षटकांस पंचावन्न वर्षें उलटलीं होतीं, तरी वेगवान गोलंदाजाच्या वांट्याचें ओझें हललें नव्हतें. ती त्याची शेवटची कसोटी ठरली. शरीर आतां कसोटीचा भार पेलणार नाहीं हें ओळखून १५ ऑक्टोबर २०१५ रोजीं त्यानें आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ति जाहीर केली.

९२ कसोट्यांत ३११ बळी आणि २०० एकदिवसीय सामन्यांत २८२ बळी, ही झहीरच्या खात्याची जमेची बाजू. दुखापती नसत्या तर हे आंकडे वाढले असते, अशी हळहळ पुष्कळांस वाटते. पण दुखापती नसत्या तर त्यानें आपली धांव आंखूड केली असती काय, आणि जोरांतून कसब निर्माण झालें असतें काय, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. निसर्गानें दिलेलें मजबूत शरीर घेऊन कपिल देव मोठा झाला. निसर्गानें पुनःपुन्हां आडवें पाडलें असतां, उरलेल्या बळाचा हिशेब शिकून झहीर मोठा झाला. गांवोगांवच्या माळावर जीं मुलें आज पूर्ण जोरानें धांवत येऊन चेंडू टाकतात, त्यांना आणि त्यांना शिकविणारांना या हिशेबाचा उपयोग आहे. शक्ति खर्च करावयास धैर्य लागतें. ती राखून खर्च करावयास शहाणपण लागतें, आणि वेगवान गोलंदाजास या दोन्हींची गरज असते.