एअरफोर्समधून रिटायर झालेले माजी सैनिक: नोकरी कशी असते, गावी आल्यावर हक्क कोणते?

बेंबळी (ता. धाराशिव) : ‘एअरफोर्सात होते’ म्हटलं की गावात सगळ्यांना पायलटच आठवतो. पण वायुदलातले बहुतेक जण विमान उडवत नाहीत. इंजिन, रडार, वायरलेस, शस्त्रं, हिशेब, दवाखाना ही कामं जमिनीवरचे वायुसैनिक करतात. बारावी होऊन गेलेला पोरगा चाळिशीच्या आसपास पेन्शन घेऊन गावी येतो. अर्धं आयुष्य अजून पुढं असतं, आणि तिथंच कागदपत्रांचा प्रश्न सुरू होतो.

अधिकारी आणि वायुसैनिक

भारतीय वायुदलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. यात भरतीचे दोन मुख्य रस्ते आहेत. अधिकारी व्हायचं तर पुण्याजवळच्या खडकवासल्याची एनडीए किंवा इतर परीक्षांतून हैदराबादजवळ दुंडीगलच्या अकादमीत जावं लागतं. मराठवाड्यातलं मोठं उदाहरण म्हणजे एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी. त्यांचं मूळ गाव नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यातलं हस्तरा. डिसेंबर १९८२ मध्ये ते लढाऊ विमानांच्या शाखेत दाखल झाले आणि सप्टेंबर २०२१ ते सप्टेंबर २०२४ अशी तीन वर्षं वायुदलप्रमुख होते.

दुसरा रस्ता वायुसैनिकाचा. पहिलं प्रशिक्षण बेळगावजवळच्या सांबऱ्याला, नंतर कामाप्रमाणे पुढचं शिक्षण. एलएसी, कॉर्पोरल, सार्जंट, ज्युनियर वॉरंट ऑफिसर, वॉरंट ऑफिसर आणि मास्टर वॉरंट ऑफिसर अशी बढती मिळत जाते. नेमणूक देशात कुठंही होते. महाराष्ट्रात पुण्याचं लोहगाव, नाशिकजवळचं ओझर आणि नागपूर ही मोठी ठिकाणं आहेत. नेहमीच्या भरतीत पहिला करार २० वर्षांचा असतो, पुढं मुदत वाढू शकते. वायुसैनिकाला पेन्शनसाठी किमान १५ वर्षं सेवा लागते.

परत आल्यावर काय मिळतं?

- दुसरी नोकरी : राज्य सरकारच्या गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी पास आणि १५ वर्षं सेवा झालेल्याला केंद्राच्या गट क मधल्या, तांत्रिक पदवी न लागणाऱ्या जागांसाठी पदवीधर समजलं जातं.
- दवाखाना : २००३ पासून ईसीएचएस योजना आहे. एकदाच वर्गणी भरून पेन्शनर, पत्नी आणि अवलंबून असणाऱ्यांना उपचार मिळतात.
- मुलांचं शिक्षण : पंतप्रधान शिष्यवृत्तीत व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी मुलाला महिना २,५०० आणि मुलीला ३,००० रुपये मिळतात. बारावीला किमान ६० टक्के लागतात.
- घरपट्टी : माजी सैनिक आणि सैनिक विधवांसाठी राज्याची माफी योजना आहे. धाराशिवच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करून ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा.

खरी अडचण नावाची

माजी सैनिक वारल्यावर पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. त्याचा साधारण दर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतो. पण आपल्याकडं बाईचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. पीपीओवर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरंच. पेन्शनर हयात असताना ही दुरुस्ती तुलनेनं सोपी असते. माघारी विधवेला तेच काम घेऊन महिनोन्‌महिने हेलपाटे घालायची पाळी येते.

म्हणून आजच घरात हे बघून घ्या :

१. डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि माजी सैनिक ओळखपत्र एका जागी ठेवा, फोनमध्येही फोटो काढून ठेवा.
२. पीपीओवर पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आहे का, ती आधारशी जुळते का, हे तपासा.
३. पती-पत्नीचं जॉइंट खातं असू द्या.
४. वर्षातून एकदा हयातीचा दाखला चुकवू नका. पेन्शन आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन पद्धतीवर आहे. दाखल्याचं काम सीएससी केंद्रातही होतं. पासवर्ड आणि ओटीपी मात्र कुणालाही सांगू नका.
५. कागद कुठं आहेत, हे पत्नीला आणि मोठ्या मुलाला किंवा मुलीला माहीत असू द्या.

अग्निवीरांचं वेगळं

वायुदलातल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावला सुरू झालं. ही सेवा चार वर्षांची. त्यातले २५ टक्क्यांपर्यंत जण पुढं कायम होऊ शकतात. बाकीच्यांना सेवानिधी म्हणून सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात, पण पेन्शन नाही. चुलत्याला पेन्शन आहे म्हणून आपल्यालाही मिळेल, असं धरून भरतीला जाऊ नका. अटी नीट वाचा, गावातल्या माजी सैनिकाला विचारा, मग फॉर्म भरा.