मराठवाड्यातील पर्जन्यमापन : आकडा आणि त्याचा अर्थ

प्रस्तावना :
पावसाचा आकडा वर्तमानपत्रात नित्य छापला जातो. परंतु तो कोठे, केव्हा व कोणत्या हेतूने मोजला गेला, याचा विचार क्वचितच होतो. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) व एकंदर मराठवाड्यात हा विचार आवश्यक ठरतो, कारण अतिवृष्टीनंतर शेतकऱ्यास मिळणारी शासकीय मदत पर्जन्यमापकाच्या नोंदीशी निगडित असते. पाऊस आणि महसूल यांच्या या जुन्या नात्याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कोठार ते कचेरी :
कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एक अरत्नी, म्हणजे साधारण हातभर, रुंद तोंडाचे पर्जन्यमापक भांडे कोष्ठागारात ठेवण्यास सांगितले आहे. पावसाचे मोजमाप प्रारंभापासूनच सरकारी धान्यकोठाराच्या दारात उभे आहे, ही बाब लक्षणीय होय. त्यात पावसाचे प्रमाण द्रोणांत दिले असून जांगल प्रदेशासाठी ते १६, तर अवंतीसाठी २३ आहे. गोदावरीकाठच्या अश्मक देशाचे प्रमाण अवंतीहून कमी सांगितले आहे. कोरियात राजा सेजोंगच्या काळी, १४४१-४२ मध्ये, प्रमाणित पर्जन्यमापक तयार झाले, तेही शेतीप्रधान राज्याच्या गरजेतूनच.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि १८६६ व १८७१ मधील मोसमी पावसाचे अपयश यांनंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. औरंगाबाद मात्र निजामाच्या राज्यात होते व तेथील कारभार फसली सनाप्रमाणे चाले. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होई. त्यामुळे जून ते सप्टेंबरचा पाऊस वर्षाच्या शेवटी येई. उदाहरणार्थ, १३४५ फसलीतील पावसाळा हा १९३६ चा होय. केवळ ५९० मिळवून इसवी सन काढणारा अभ्यासक एका वर्षाने चुकतो. शिवाय जुन्या नोंदी इंचांत आहेत (१ इंच म्हणजे २५.४ मि.मी.). दुष्काळांची तुलना करताना या दोन्ही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

आकड्याचा अर्थ :
१ मि.मी. पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर, अर्थात एका हेक्टरवर १०,००० लिटर पाणी. प्रचलित सायमन्स पर्जन्यमापकाच्या तोंडाचा व्यास १२७ मि.मी. असतो. असे एक यंत्र १०० चौरस किलोमीटरचे प्रतिनिधित्व करत असेल, तर ते स्वतःच्या तोंडाच्या सुमारे ७८९ कोटी पट क्षेत्राविषयी साक्ष देते. पावसाळ्यात एका शिवारात ढगफुटीसारखी सर कोसळावी आणि शेजारचे शिवार कोरडे राहावे, हा मराठवाड्याचा नित्याचा अनुभव आहे. यंत्र खोटे बोलत नाही. ते फक्त आपल्या जागेपुरते बोलते.

वेळेचा प्रश्न त्याहून सूक्ष्म आहे. दैनिक नोंद सकाळी ८.३० वाजता घेतली जाते व ती मागील २४ तासांची असते. महसुली व्यवहारात मंडळात २४ तासांत ६५ मि.मी. हा अतिवृष्टीचा निकष रूढ आहे. आता समजा, पहाटेपासून ८.३० पर्यंत ४० मि.मी. आणि त्यानंतर दुपारपर्यंत आणखी ४० मि.मी. पाऊस पडला. शेतात ८० मि.मी. पाणी साचले, परंतु नोंदवहीत ते दोन दिवसांत विभागले गेले. एकाही दिवशी ६५ चा आकडा गाठला जात नाही. कापूस व सोयाबीन यांच्या मुळांना मात्र ८.३० ची सीमारेषा ठाऊक नसते.

हंगामी आकड्यातही असाच संकेत दडलेला आहे. सरासरीपेक्षा १९ टक्के कमी पाऊस ‘सामान्य’ आणि २० टक्के कमी पाऊस ‘तुटीचा’ ठरतो. बेरीज सामान्य असूनही मधल्या खंडात पीक करपू शकते.

रिमझिम लागून राहिल्याने होणारे नुकसान तर ६५ मि.मी. च्या निकषात बसतच नव्हते. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘सततचा पाऊस’ ही नैसर्गिक आपत्ती म्हणून स्वीकारली. सलग पाच दिवस दररोज किमान १० मि.मी. पाऊस ही त्यातील एक अट आहे. ही नोंदही मंडळातील पर्जन्यमापकाचीच असावी लागते.