धनको, ऋणको आणि वीज

मराठीत धक्का बसतो, करंट लागतो. कोरड्या थंडीत पॉलिएस्टरचा शर्ट घालून प्लॅस्टिकच्या खुर्चीतून उठावं आणि दाराच्या लोखंडी कडीकडे हात न्यावा, तर बोटाच्या टोकाशी बारीकसा ‘टच्’ होतो. आपण चटकन हात मागे घेतो आणि म्हणतो, ‘करंट लागला!’ खरं तर त्या वेळी कडीला हात लागलेलाच नसतो. शेवटच्या एखाद-दोन मिलिमीटरची हवा फोडून ठिणगी आधीच पोचलेली असते, आणि एवढी हवा फोडायची तर मिलिमीटरमागे साधारण ३००० व्होल्ट लागतात. (हेही ‘लागणं’च.) जीव वाचतो तो एवढ्याचसाठी, की जाणारा विद्युतभार अगदी चिमूटभर असतो.

लागणं हे क्रियापद संस्कृत ‘लग्’चं. लग् म्हणजे चिकटणं, भिडणं. त्याचंच भूतकाळवाचक विशेषण ‘लग्न’. म्हणजे करंट लागणं आणि लग्न लागणं ही नात्यातलीच मंडळी, यावर विनोद ज्याचे त्याने करावेत. स्पर्शाला आपल्याकडे आणखी एक शब्द आहे, शिवणं. टाके घालणारं शिवणं संस्कृत ‘सीव्यति’वरून आलं; हात लावणारं शिवणं प्राकृत ‘छिव’वरून. उच्चार एक झाला तरी दोघांची कुळं वेगळी.

स्पर्शाने वीज एका वस्तूतून दुसरीत जाते, हे नीट पाहिलं ते स्टीफन ग्रे या इंग्रजाने, १७२९ साली. त्याच्याकडे काचेची लांब नळी होती. आत धूळ जाऊ नये म्हणून त्याने तिच्या तोंडांना बुचं बसवली होती. घासली काच, पण पीस जाऊन चिकटलं बुचाला! बुचाला तर कुणी घासलंच नव्हतं. काचेतून बुचात गेलेल्या या शक्तीला ग्रेने जो शब्द वापरला त्याचा अर्थ ‘गुण’ असाच होतो. काचेचा गुण बुचाला लागला. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, या म्हणीचा इतका शब्दशः दाखला दुसरा सापडायचा नाही.

मग त्याने बुचात काठी खोचली, काठीला सुतळी बांधली, सुतळीच्या टोकाला हस्तिदंती गोळी लटकवली. गुण तिथवर गेला. केंटमध्ये ग्रॅनव्हिल व्हीलर या मित्राच्या घरी दोघांनी सुमारे ८० फूट सुतळी आडवी नेली. तिला आधार म्हणून रेशमाचे धागे आडवे ताणले. झकास चाललं. पुढे लांबी वाढवताना रेशीम वजनाने तुटलं, म्हणून बारीक पितळी तार लावली, आणि काचेची नळी कितीही घासली तरी गोळी ढिम्म. गुण तारेतून भिंतीत, भिंतीतून जमिनीत निघून जात होता. धाग्याची जाडी-बारकाई महत्त्वाची नाही, तो कशाचा आहे हे महत्त्वाचं, हे त्या दिवशी कळलं. आपल्या पाठ्यपुस्तकातल्या वाहक आणि दुर्वाहक या जोडीचा जन्म त्या तुटलेल्या रेशमातला.

रेशीम म्हटलं की आपल्याकडे कुणीतरी हमखास सोवळ्याची आठवण काढतो. रेशमी मुकट्याला विटाळ होत नाही, सुती धोतराला होतो. म्हणजे पूर्वजांना विजेचं ज्ञान होतं! हा युक्तिवाद मला बिलकूल मान्य नाही. विटाळ दिल्याने देणाऱ्याकडचा कमी होत नाही, तो ज्याला शिवेल त्याला पुरा लागतो. विजेचं तसं नाही. भारित धातूचा गोळा तेवढ्याच दुसऱ्या गोळ्याला टेकवला तर भार निम्मा-निम्मा वाटला जातो. पहिल्याकडे जितका घटला तितकाच दुसऱ्याकडे वाढला. ही शिवाशिव नव्हे, हा रोखीचा व्यवहार आहे.

आणि व्यवहाराचेच शब्द शेवटी टिकले. इंग्रजी ‘चार्ज’ मुळात गाडीचा शब्द. लॅटिनमध्ये कारुस म्हणजे गाडी, त्यावरून गाडी लादणं, मग बंदूक ठासणं, मग वीज साठवायची बरणी भरणं. मराठीने ‘भार’ घेतला, तो याच वाटेने. आताची क्रमिक पुस्तकं ‘प्रभार’ म्हणतात. पण प्रभार ऐकला की मला बदलीवर गेलेल्या साहेबाच्या खुर्चीत बसलेला प्रभारी अधिकारी दिसतो. हिंदीने ‘आवेश’ निवडला. आपल्याला तो घेता आला नसता, मराठीत आवेश वक्त्यांना येतो.

१७४७ च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिनने अधिक आणि उणे ही भाषा रूढ केली. वीज हा एकच प्रवाही पदार्थ आहे, ज्याच्याकडे जास्त तो अधिक, ज्याच्याकडे कमी तो उणे, असा त्याचा हिशेब. रेशमाने घासलेली काच त्याने अधिकात धरली. नेमकं उलट निघालं. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन हुडकला आणि त्याचा भार उणे ठरला. म्हणजे ज्या वस्तूत इलेक्ट्रॉनांची भर पडते तिला उणे म्हणायचं! इंग्रजी माध्यमाची मुलं इथे दरवर्षी अडखळतात.

मराठी मुलांनी अडखळायचं खरं तर कारण नाही, कारण आपण उणे म्हणत नाही, ऋण म्हणतो. धन आणि ऋण हे गणिती अर्थाने ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथात, इ. स. ६२८ मध्ये आहेत. त्याहून किती तरी आधी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या जुगाऱ्याच्या सूक्तात हे दोन्ही शब्द एकाच ऋचेत भेटतात: कर्जात बुडालेला जुगारी धनाच्या आशेने रात्री भीत भीत दुसऱ्यांच्या घरी जातो. कर्जरोख्यांतले आपले धनको आणि ऋणको त्याच घराण्यातले. ऋणको म्हणजे ज्याने घेतलं तो, धनको म्हणजे ज्याने दिलं तो. काचेने इलेक्ट्रॉन दिले, ती धनको. रेशमाने घेतले, ते ऋणको. फ्रँकलिनची चूक मराठीत आपोआप दुरुस्त होते. व्यवहार किती मोठा? एक नॅनोकूलोंब म्हणजे सुमारे ६२४ कोटी इलेक्ट्रॉन, आणि केसांतून फिरवलेल्या कंगव्याला एवढी उधारी सहज जमते.

या व्यवहाराला ‘घर्षणविद्युत’ म्हणतात, त्या नावात मात्र खोट आहे. घासण्याची गरज नसते. दोन पृष्ठभाग टेकून वेगळे झाले तरी देवघेव होते, घासण्याने टेकणाऱ्या जागा वाढतात एवढंच. धनको-ऋणकोही कायमचे ठरलेले नाहीत. स्वीडनच्या योहान कार्ल विल्के याने १७५७ मध्ये पदार्थांची एक उतरंड छापली, कोणापुढे कोण देणारा आणि कोण घेणारा याची. काचेकडून घेणारं रेशीम कडक रबराशी गाठ पडली की देणारं होतं.