डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री

डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री : ख्रिस्ती पाळकीय सेवेतील व्यावसायिक डॉक्टरेट. संक्षेप डी.मिन. मराठी वाचकाला ‘मिनिस्ट्री’ म्हटले की मुंबईतले मंत्रालय आठवते. येथे मात्र मूळ लॅटिन शब्दातील ‘सेवक’ हा अर्थ कायम आहे आणि मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) त्यासाठी ‘सेवाकार्य’ हा शब्द रुळलेला आहे. ही पदवी मुख्यतः अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथील सेमिनऱ्या (पाळक घडवणाऱ्या शिक्षणसंस्था) देतात. ज्याला अध्यापक-संशोधक व्हायचे आहे त्याने पीएच.डी. किंवा टीएच.डी. (धर्मविद्येतील डॉक्टरेट) करावी आणि जो मंडळी सांभाळतो आहे त्याने डी.मिन., अशी ढोबळ वाटणी आहे. अमेरिकेत डी.डी. (डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी) ही पदवी सन्मानार्थ दिली जाते, तर डी.मिन. अभ्यासक्रम पुरा करूनच मिळते. निमंत्रणपत्रिकेवरील ‘रेव्ह. डॉ.’ या अक्षरांवरून हा भेद कळत नाही.

इतिहास : १९६०–७० या दशकात कॅलिफोर्नियातील क्लेअरमाँट येथील धर्मविद्यालय व शिकागो विद्यापीठाची डिव्हिनिटी स्कूल यांनी पाळकांसाठी व्यावसायिक डॉक्टरेटचे प्रयोग केले. पुढील दशकात ही पदवी झपाट्याने पसरली.

प्रवेशपात्रता : अमेरिका-कॅनडातील सेमिनऱ्यांना अधिमान्यता देणारी संघटना, असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्स, हिचे निकष येथे प्रमाण मानले जातात. दीर्घकाळ चालत आलेल्या निकषांनुसार उमेदवाराजवळ मास्टर ऑफ डिव्हिनिटी (एम.डिव्ह.) ही पदवी किंवा तिच्या तोडीचे शिक्षण लागे आणि त्यानंतर किमान तीन वर्षांचा सेवाकार्याचा अनुभव लागे. एम.डिव्ह. हा पूर्णवेळ केल्यास साधारण तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. २०२० साली निकषांची फेरमांडणी झाली. तेव्हापासून सेवाकार्याशी संबंधित अन्य पदव्युत्तर पदव्यांनाही वाट मिळाली. अनुभवाची अट मात्र टिकून आहे. या पदवीचे वेगळेपण याच अटीत आहे. पीएच.डी.चा विद्यार्थी विषय शोधत ग्रंथालयात शिरतो; डी.मिन.चा विद्यार्थी स्वतःच्या मंडळीतली अडचण घेऊन वर्गात येतो. शिक्षण चालू असताना त्याने काम सोडू नये, अशीच अपेक्षा असते.

भाषा : हिब्रू, ग्रीक, जर्मन वा फ्रेंच यांच्या परीक्षा, ज्या पीएच.डी.साठी बहुधा अटळ असतात, येथे सहसा नसतात.

अभ्यासक्रम : किमान ३० सत्र-श्रेयांक. वर्ग एक-दोन आठवड्यांच्या सघन सत्रांत भरतात. आधी नेमलेले वाचन आणि नंतर सादर करायचा दीर्घ निबंध यांमध्ये काही महिने जातात. बहुतेक ठिकाणी एकाच वर्षी दाखल झालेल्यांचा गट शेवटपर्यंत एकत्र ठेवतात. तीन ते सहा वर्षांत पदवी पुरी व्हावी, असा संकेत आहे.

प्रकल्प : पदवीचा खरा कस प्रकल्पात लागतो. उमेदवार आपल्या सेवाक्षेत्रातील एक प्रश्न निवडतो. तरुण पिढी उपासनेला येईनाशी झाली, शोकग्रस्त कुटुंबांच्या भेटी पाळकाला एकट्याला झेपत नाहीत, दोन भाषांची मंडळी एका छताखाली आहे, अशा स्वरूपाचे हे प्रश्न असतात. प्रश्नाची मांडणी, त्यावरील पवित्र शास्त्राच्या व धर्मविद्येच्या आधारे केलेले चिंतन, प्रत्यक्ष राबवलेला उपक्रम आणि त्याचे मूल्यमापन असे टप्पे लेखी प्रबंधात यावे लागतात. यामागे कृतिसंशोधनाची पद्धत आहे. मुलाखती वा प्रश्नावल्या असतील तर सहभागींची संमती व संस्थेच्या नैतिक पडताळणी समितीची परवानगी लागते. ही अट कडक वाटली तरी योग्यच आहे, कारण सभासद आपल्या पाळकाला सहजी नाही म्हणू शकत नाही. काही सेमिनऱ्या मंडळीतील सामान्य सभासदांची सल्लागार समिती नेमायला लावतात. अखेरीस मौखिक परीक्षा होते.

शुल्क व शिष्यवृत्ती : संस्थेनुसार भिन्न.

मूल्यमापन : प्रबंधांची पातळी असमान असते आणि काहींना ‘डॉ.’ या उपपदाचीच ओढ असते, असा आक्षेप घेतला जातो. समर्थकांच्या मते पीएच.डी.च्या मापाने ही पदवी मोजणेच गैर आहे.

भारत : सेरामपूर (श्रीरामपूर, पश्चिम बंगाल) येथील महाविद्यालय विल्यम केरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड यांनी १८१८ मध्ये स्थापन केले. डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये सनद देऊन त्याला पदवीदानाचा अधिकार दिला, कारण सेरामपूर तेव्हा डॅनिश वसाहत होती. प्रत्यक्षात धर्मविद्येच्या पहिल्या पदव्या १९१५ मध्ये दिल्या गेल्या. १९१८ च्या कायद्याने पदव्या देणाऱ्या सिनेटची घडी बसली. याच सेरामपूरशी केरीचे मराठी व्याकरण (१८०५), मराठी कोश (१८१०) आणि मराठी नवा करार (१८११) निगडित आहेत. या कामात वैजनाथ पंडितांचे साह्य होते. सेरामपूरच्या सिनेटच्या पदव्यांत बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी), एम.टीएच., डी.टीएच. यांच्या जोडीने डी.मिन.ही आहे. आशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची अधिमान्यता ही दुसरी वाट. ती मंडळ्यांच्या वर्तुळात चालते, तिला सरकारी विद्यापीठीय मान्यता समजू नये. महाराष्ट्रात पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी, जी १९८३ मध्ये यवतमाळहून तेथे गेली, धर्मविद्येच्या उच्च शिक्षणाचे प्रमुख प्रॉटेस्टंट केंद्र आहे. रोमन कॅथलिक धर्मगुरूंच्या शिक्षणाची पदवीपरंपरा वेगळी असून ती व्हॅटिकनच्या नियमांनी चालते.

परदेशी डी.मिन.साठी अर्ज करणाऱ्या भारतीय पाळकाची पहिली अडचण नावाची असते. अमेरिकेत १९७० च्या सुमारास बॅचलर ऑफ डिव्हिनिटी हे नाव मागे पडून त्याच शिक्षणाला मास्टर ऑफ डिव्हिनिटी म्हणू लागले. सेरामपूरची पदवी आजही बी.डी. याच नावाने दिली जाते, त्यामुळे समकक्षता गुणपत्रकांवरून ठरते आणि तो निर्णय प्रत्येक सेमिनरी आपापला घेते.